दीड लाखाची देणगी आणि दहाची नोट

जुलै 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात काका माझ्या ऑफिसचा जिना चढून आले. धाप लागली होती, तरी पाणी न मागता त्यांनी आधी फोन पुढे केला. आयकर खात्याचा मेसेज होता. तुमच्या विवरणपत्रात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची वजावट आहे, ती तपासून पाहा, चुकीची असेल तर दुरुस्त करा, अशा अर्थाचा.

"अगं, फ्रॉड तर नाही ना हे? लिंक दाबू नका म्हणतात, म्हणून दाबली नाही."

"लिंक नकाच दाबू. पण मेसेज खरा दिसतोय. काका, कुठल्या पक्षाला देणगी दिलीत तुम्ही?"

"पक्ष कसला! ते आपलं रिफंडवाल्याचं."

बडोद्यात करसल्ल्याचं काम करणाऱ्या कुणालाही यापुढे काही विचारावं लागत नाही. तरी मी विचारलं, आणि पुढचे तीन आठवडे या प्रकरणाचे कागद लावत बसले. काकांच्या परवानगीने ते लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. सल्लागार आणि पक्ष या दोघांची नावंही मुद्दाम दिलेली नाहीत. तशा दोघांच्या जागी दुसरे दहा बसवता येतील.

काका माझ्या वडिलांचे बालमित्र. दोघं दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात वाढले. वाडा पडून तिथे कॉम्प्लेक्स झालं त्याला आता वीस वर्षं झाली. काकांची सगळी नोकरी शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात गेली, 2024 च्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांचं करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आसपास होतं. गृहकर्ज फिटलेलं, मुलगी लग्न होऊन पुण्याला. म्हणजे वजावटीला दाखवायला फार काही उरलेलं नव्हतं, आणि दर महिन्याला पगारातून कर कापला जायचा तो डोळ्यांत खुपायचा. त्यात शेजारचा बंगला एका व्यापाऱ्याचा. दोन गाड्या, वर्षाला एक परदेशवारी, आणि उत्पन्न म्हणे साडेसहा लाख. "आपण नोकरियात माणसं, आपला चोपडा सरकारच्याच हातात," हे काकांचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आमच्या बडोद्याच्या मराठीत नोकरदाराला नोकरियात म्हणतात, आणि त्या शब्दात थोडी हळहळ असतेच.

रिफंडवाला कारखान्याच्या गेटसमोरच्या दुकानगाळ्यात बसायचा. शिफ्ट सुटली की तिथे रांग लागायची. त्याची योजना सरळ होती. मार्च संपायच्या आत एका पक्षाच्या खात्यात बँकेतून पैसे भरायचे. पक्षाची छापील पावती मिळते. शंभरातले सहा रुपये कापून बाकीचे चौऱ्याण्णव रोख परत येतात. विवरणपत्रात पूर्ण शंभराची वजावट घ्यायची. वरच्या टप्प्यात 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे शंभरावर 31 रुपये 20 पैसे परतावा. त्यातला दहावा हिस्सा रिफंडवाल्याचा.

काकांनी 2023 च्या मार्चमध्ये एक लाख दिले, 2024 च्या मार्चमध्ये दीड लाख.

पहिल्या खेपेला परतीचे 94,000 आले ते दोन हजारांच्या नोटांमध्ये. सत्तेचाळीस गुलाबी नोटा, लग्नपत्रिकेच्या जुन्या लिफाफ्यात. काकूंनी त्या देवघराच्या खणात ठेवल्या. त्या सुमाराला बाजारात दोन हजाराची नोट क्वचितच दिसायची, एटीएममधून तर केव्हाच गायब झालेली. मग इतक्या नोटा एका पक्षाकडे कुठून आल्या, हा प्रश्न तेव्हा घरात कुणाला पडला नाही. 19 मे 2023 ला रिझर्व्ह बँकेने ही नोट चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं. तोवर सात खर्च झाल्या होत्या, चाळीस खणात होत्या. एका वेळी वीस हजारांपर्यंतच बदलून मिळत. काकू चार वेळा बँकेत गेल्या, दर वेळी दहा नोटा पर्समध्ये घेऊन. "मला चोरी केल्यासारखं वाटायचं, पण चोरी कसली ते कळत नव्हतं," असं त्या मला म्हणाल्या. या सगळ्या प्रकरणात खरी शंका आलेली व्यक्ती त्या एकट्याच.

दुसऱ्या खेपेला पद्धत बदलली. रिफंडवाल्याने काकांकडून एका दहाच्या नोटेचा फोटो मागवला. तीन-चार दिवसांनी फोन आला की अमुक पेढीवर जा, तीच नोट घेऊन जा. काका आंगडियाकडे, म्हणजे एका गावची रोकड दुसऱ्या गावी पोचवणाऱ्या पेढीवर, गेले. गादीवरच्या माणसाने नोटेवरचा नंबर आपल्या मोबाइलमधल्या नंबराशी ताडून पाहिला, नोट काढून घेतली आणि पाचशेच्या 282 नोटा मोजून दिल्या. एक लाख एक्केचाळीस हजार. सही नाही, नाव नाही. देणगीची पावती काकांकडे होती, पक्षाच्या शिक्क्यासकट, दोन नेत्यांच्या फोटोंसकट. परतीची पावती म्हणजे ती दहाची नोट, आणि ती पेढीवर राहिली.

कायदा काय म्हणतो

1961 च्या आयकर कायद्याचं कलम 80 जीजीसी सांगतं की कंपनी नसलेल्या कुणाही करदात्याने नोंदणीकृत राजकीय पक्षाला देणगी दिली तर ती पूर्णच्या पूर्ण उत्पन्नातून वजा होते. कंपन्यांसाठी असंच 80 जीजीबी आहे. 2003 मध्ये हे आलं तेव्हा हेतू चांगला होता: पक्षांना लागणारा पैसा बँकेतून यावा, हिशेबात यावा. पुढे रोख देणगीवरची सवलत काढून टाकली. म्हणजे कागदावर सगळं चोख. दीडशे रुपयांच्या आयुर्विम्यालाही दीड लाखाच्या मर्यादेत बसावं लागतं, पण पक्षाच्या देणगीला मर्यादाच नाही. फक्त जुनी करपद्धत घेतलेली असली पाहिजे.

आणि पक्ष कुठलाही चालतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 ए खाली नोंदलेला असला की झालं. निवडणूक लढवली का, मतं किती पडली, कार्यालय आहे का, काही विचारलं जात नाही. नोंदणीला किमान शंभर मतदार सदस्य लागतात, त्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. शंभर माणसं एखाद्या सोसायटीच्या गरब्याला जमतात.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टेट बँकेतून विकत घेऊन, नाव उघड न करता पक्षाला द्यायच्या ज्या निवडणूक रोख्यांना देशभर शिव्या बसल्या, त्या रोख्यांत निदान एक अट होती. गेल्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळवलेल्या पक्षालाच रोखा वटवता यायचा. काकांच्या पक्षाला तो दरवाजा बंद होता. 80 जीजीसीचा मात्र सताड उघडा.

14 मार्च ते 22 मार्च

रोख्यांचा विषय निघालाच आहे तर या प्रकरणातला तो आठवडा सांगायलाच हवा.

15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. पक्षाला पैसा कोण देतं हे जाणून घेणं मतदाराच्या हक्कात येतं, असं न्यायालयाने म्हटलं. 2017 मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली होती, कुठल्या पक्षाला दिलं ते नफा-तोट्याच्या हिशेबात लिहिण्याची गरजही काढली होती. तेही रद्द झालं. रोखे कुणी घेतले आणि कुणी वटवले याची यादी द्यायला स्टेट बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने दुसऱ्या दिवशी द्या म्हणून सांगितलं. 14 मार्चला संध्याकाळी यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली.

सुरसागरच्या काठावर संध्याकाळी आमच्या वडीलधाऱ्यांची बैठक जमते. सगळे मराठी, बहुतेक निवृत्त, कुणी बँकेतले, कुणी शिक्षक, कुणी कारखान्यातले. त्या आठवड्यात तिथे दुसरा विषय नव्हता. बाबा घरी येऊन सांगायचे. काकांनी तर यादी फोनवर उतरवून घेतली होती आणि मोठ्याने वाचून दाखवत होते: कोइमतूरची एक लॉटरी कंपनी, 1,368 कोटी, हैदराबादची एक बांधकाम कंपनी, 966 कोटी. नफ्यापेक्षा जास्त देणगी देणाऱ्या कंपन्या, धाड पडल्यावर रोखे घेणाऱ्या कंपन्या. भाजपला सहा हजार कोटींच्या वर, तृणमूलला सोळाशेच्या वर, काँग्रेसला चौदाशेच्या वर. मार्क्सवादी पक्षाने घेतलेच नाहीत, हे काकांनी आवर्जून सांगितलं, आणि तेवढ्यापुरते ते कम्युनिस्ट झाले. "हे काय दान आहे? डाव्या हाताने द्यायचं आणि उजव्या हाताने कंत्राट घ्यायचं!"

21 मार्चला रोख्यांचे क्रमांकही जाहीर झाले. कुणाचा रोखा कुणी वटवला ते आता जुळवता येत होतं. सुरसागरवर पुन्हा बैठक रंगली.

22 मार्चला, शुक्रवारी, काकांच्या खात्यातून दीड लाख रुपये एनईएफटीने त्या पक्षाच्या खात्यात गेले.

बँकेच्या पासबुकातली तारीख मी त्या यादीच्या तारखेशेजारी ठेवून पाहिली तेव्हा हसू आलं, नंतर आलं नाही. काका ढोंग करत नव्हते. त्यांच्या डोक्यात ती दोन वेगवेगळी खाती होती. कंपनीवाल्यांचं ते राजकारण, आपलं ते टॅक्स प्लॅनिंग. डाव्या हाताने दिलेलं उजव्या हाताने घ्यायचं, हे त्यांनीच सांगितलेलं सूत्र इथेही तंतोतंत लागू आहे, हे त्यांना मी दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं. दाखवल्यावर म्हणाले, "माझ्या दीड लाखात कुणाला कंत्राट मिळालं?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर शोधायला मी थोडी फिरले.

पैसा गेला कुठे

आधी पावतीवरचा पत्ता. ऑगस्टमध्ये मला एका कामासाठी अहमदाबादला जायचं होतं, म्हणून वाट वाकडी करून गेले. जुनं व्यापारी संकुल, दुसरा मजला. त्या क्रमांकाच्या गाळ्याला शटर, शटरवर इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची फिकट पाटी. वॉचमनला पक्षाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कई पार्टी, बेन? अहीं तो बद्धी पार्टीओ आवे." कुठली पार्टी, इथे तर सगळ्याच पार्ट्या येतात. त्याच्या लेखी पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. एका अर्थी बरोबरच सांगत होता.

मग राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या पक्षाचा फॉर्म 24 ए शोधला. वीस हजारांच्या वर देणगी देणाऱ्यांची यादी पक्षाने दर वर्षी द्यायची असते. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, कशी दिली. तिरकी स्कॅन केलेली पानं, एकामागून एक. नोकरदारांचीच नावं असावीत असं रकमांवरून दिसत होतं: पन्नास हजार, एक लाख, दीड लाख, सगळे गोल आकडे, सगळे मार्चमधले. मधूनमधून मराठी आडनावं. आणि एका पानावर काका. पत्ता दांडिया बाजारचा, पाडलेल्या वाड्याचा. पॅन कार्डावर तोच राहिला होता.

देशातल्या बड्या देणगीदारांची नावं बाहेर यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. काकांचं नाव मात्र कुणीही उघडून पाहावं असं वेबसाइटवर पडून होतं, आणि कुणीही पाहिलं नव्हतं.

पक्षाच्या खात्यातून पैसा पुढे कसा जातो, ते या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असतं. दोन-चार दिवसांत रकमा दुसऱ्या खात्यांत वळतात. बिलं जाहिरातीची असतात, छपाईची असतात, समाजकार्याची असतात. ज्या फर्मच्या नावाने बिल असतं तिने काही छापलेलं नसतं. तिच्यामागे एखादा असा माणूस असतो ज्याच्याकडे रोकड ढीगभर आहे आणि बँकेत दाखवायला उत्पन्न नाही. तो रोकड देतो, त्याला खात्यात पांढरा पैसा मिळतो. त्याची ती रोकड कमिशन कापून पक्षाच्या माणसाकडे येते, तिथून आंगडियाकडे, तिथून काकांच्या हातात.

म्हणजे काकांनी कर चुकवला हे अर्धंच झालं. त्यांनी आपला घाम गाळून मिळवलेला, कर कापून आलेला पांढरा पैसा कुणा दुसऱ्याला दिला आणि त्याचा काळा पैसा आपल्या देवघराच्या खणात ठेवला. त्या सत्तेचाळीस गुलाबी नोटा कुणीतरी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या होत्या. त्या बाजारात काढायला त्याला माणसं हवी होती, आणि बडोद्याच्या कारखान्यांच्या गेटवर ती रांगेने उभी होती. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी शेजारच्या बंगल्याकडे नुसता हात केला. तो व्यापारीच असेल असं नाही, पण तसाच कुणीतरी. ज्याच्यावर आयुष्यभर चरफडले, त्याचीच हमाली केली.

कंत्राटाचं उत्तर मात्र मला मिळालं नाही. फर्मच्या पलीकडे माझी नजर पोचत नाही. तिथे पोचायचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्याकडे वळायला हवं.

कुणी पाहायचं होतं

निवडणूक आयोग पक्ष नोंदवतो, पण नोंदणी रद्द करायचा सर्वसाधारण अधिकार त्याला नाही, असा 2002 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. फसवणुकीने मिळवलेली नोंदणी वगैरे मोजके अपवाद सोडून. म्हणून आयोग नावं यादीतून वगळतो, तेही इतक्या वर्षांत आत्ता आत्ता जोराने. 9 ऑगस्ट 2025 ला 334 पक्ष वगळले. 2019 पासून सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले आणि दिलेल्या पत्त्यावर न सापडलेले. त्याआधी मान्यता नसलेले नोंदणीकृत पक्ष 2,854 होते. सप्टेंबरमध्ये आणखी 474 गेले. काकांचा पक्ष ऑगस्टच्या यादीत होता. वगळलं म्हणजे यापुढे सवलती बंद. आधी वाहून गेलेल्या पाण्याचं काय, ते त्या पत्रकात नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये एका मोठ्या हिंदी दैनिकाने गुजरातेतल्या दहा अनोळखी पक्षांचे कागद मांडले: पाच वर्षांत 4,300 कोटींच्या देणग्या, तीन निवडणुकांत मिळून 43 उमेदवार. बातमीवर विरोधी पक्षाकडून आवाज झाला, आयोगाला प्रश्न विचारले गेले. सुरसागरवर या बातमीची चर्चा झाली नाही, असं बाबा म्हणाले. का ते मी विचारलं नाही. बैठकीतल्या आणखी दोघांचे कागद तोवर माझ्या टेबलावर आले होते.

आयकर खातं पक्षाचं उत्पन्न कलम 13 ए खाली करमुक्त धरतं, अटी पाळल्या तर: हिशेबतपासणी, देणगीदारांची नोंद, दोन हजारांच्या वर रोख देणगी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये खात्याने अशा पक्षांवर देशभर छापे घातले होते, गुजरातेतही. म्हणजे काकांनी पहिली देणगी दिली त्याच्या सहा महिने आधी खात्याला हा खेळ पूर्ण माहीत होता. तरी काकांचा पहिला परतावा विवरणपत्र भरल्यापासून एकोणीस दिवसांत खात्यात जमा झाला. वजावट मागितली, आकडा बसला, पैसे दिले. देणगीची तारीख, व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा कोड विचारणारा वेगळा तक्ता विवरणपत्रात आला तो पुढच्या वर्षी. काकांच्या दीड लाखाचे ते सगळे तपशील तर खरेच होते! पैसे खरोखर गेले होते. परत आल्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

आणि आम्ही. बडोद्यातल्या कुठल्या करसल्लागाराला ही योजना ठाऊक नव्हती? मला 2021 पासून ठाऊक होती. एका अशिलाने विचारलं तेव्हा मी "मी असलं करत नाही" असं म्हणून मोठेपणा मिरवला, आणि गप्प बसले. तो अशील माझ्याकडून उठून रिफंडवाल्याकडे गेला. कुणाला कळवावं, कुठे लिहावं, हे माझ्या मनातही आलं नाही. धंद्यात आपण आपलं बघावं, हा बडोद्याचा अलिखित नियम, आणि तो मी इमानाने पाळला.

14 जुलै 2025 ला खात्याने देशात दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी लावून देणारे दलाल कमिशनवर काम करतात, ढिगाने विवरणपत्रं भरण्यापुरते ईमेल पत्ते काढतात आणि मग ते टाकून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा कुणी वाचतच नाही, असं खात्याच्या पत्रकात होतं. मी काकांचं खातं उघडलं तर तसंच. नोंदलेला ईमेल त्यांचा नव्हता. नावात त्यांचं आडनाव आणि पुढे चार आकडे. तिथे काय काय येऊन पडलं असेल ते आता कुणालाच बघता येणार नाही. दुसरा फोन नंबर काकांचा होता म्हणून मेसेज तरी पोचला. त्या पत्रकाप्रमाणे आधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी विवरणपत्रं सुधारून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते.

हिशेब

काकांना तेच करायचं होतं. अद्ययावत विवरणपत्र भरायचं तर मूळ कर आणि व्याजावर जादा कर द्यावा लागतो. आकारणी वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत 25 टक्के, चोवीस महिन्यांच्या आत 50 टक्के. पहिल्या वर्षाचे 31,200 चे 46,800 झाले. दुसऱ्याचे 46,800 चे 58,500. एकूण 1,05,300, व्याज वेगळं. दोन वर्षांत कमिशन आणि रिफंडवाल्याचा दहावा हिस्सा जाऊन त्यांच्या हातात पडले होते 55,200. म्हणजे पन्नास हजारांहून जास्त अंगावर. भरलं नसतं आणि खात्याने प्रकरण उघडलं असतं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुप्पट दंड, आणि खटल्याची टांगती तलवार.

काकांनी मुदत ठेव मोडली. काही बोलले नाहीत. पण माझ्या टेबलावर कागद पसरलेले असताना एकदम म्हणाले, "बरं, त्या रोखेवाल्यांनी किती टक्के जादा भरले?"

मी सांगितलं ते असं. रोखे आणि कंत्राटं यांचा संबंध तपासायला विशेष पथक नेमा, अशा याचिका झाल्या होत्या. 2 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. तक्रार असेल त्याने नेहमीच्या कायद्याच्या वाटेने जावं, म्हणून. त्या वाटेने किती जण गेले आणि कुठे पोचले ते बाजूला ठेवू. पैसे घेणाऱ्या पक्षांकडून ते परत घ्यायचेही नव्हते. रोखे 16,518 कोटींचे विकले गेले, त्यातले जे वटले ते वटले.

"म्हणजे यादी तेवढी मिळाली."

"यादी मिळाली."

"माझीपण मिळाली म्हणा."

काकांची बाजू मला पटत नाही. दोन चुका समोरासमोर ठेवल्या की एक फिटत नाही, आणि पन्नास हजारांचा भुर्दंड त्यांना बसायलाच हवा होता. पण त्यांच्या प्रश्नातला सल मला खोडून काढता आला नाही. ज्याच्या पॅनवर सगळं दिसतं त्याला मेसेज जातो. ज्याने 282 नोटा पाठवल्या त्याला कोण मेसेज पाठवणार? रिफंडवाला त्याच गाळ्यात आहे. पाटी बदलली आहे, आता कर्ज मिळवून देतो.

19 ऑगस्टला, संध्याकाळी, दोन्ही विवरणपत्रं भरायला बसलो. काकूही आल्या होत्या, बडोद्याच्या लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्याचा पुडा घेऊन. ईमेल बदलला, काकांचा स्वतःचा घातला. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: विवरणपत्र का बदलता आहात, कारण निवडा. पर्यायांची यादी उघडली. काका चष्मा वर सरकवून वाचायला लागले.

"उत्पन्न बरोबर दाखवलं नाही... पण उत्पन्न तर बरोबर होतं गं. देणगी चूक होती."

"देणगीचा पर्याय नाही, काका."

"मग?"

"खाली 'इतर' आहे."

त्यांनी मान हलवली. मी 'इतर' निवडलं, पुढे गेले. ओटीपी त्यांच्या फोनवर आला. फोन त्यांच्याच हातात होता आणि आकडे त्यांनाच टाकायचे होते, पण दोन वर्षांच्या सवयीने त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.